घड्याळजींच्या सहा बाटल्या

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पुढे घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला लागून मागे दोन खोल्या. दुकानात लहानमोठी पन्नासएक घड्याळं सतत चालू असतात. मागच्या खोलीत मात्र पुरुषभर उंचीचं एक लंबकाचं घड्याळ आहे आणि ते गेली दहा वर्षं बंद आहे. चार वाजायला दहा मिनिटं.

घड्याळजींची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे लोकांनी आपापल्या मनाने गोष्ट जुळवून टाकली होती की, ती गेली त्या क्षणी त्यांनी घड्याळ थांबवलं. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी डोळ्याला रुमाल लावून तसं विचारलंही. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, "नाही हो. ती गेली तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. हे तिनेच बंद करायला लावलं, त्याच्या चार वर्षं आधी. बाटल्या हलतात म्हणून."

बाई रुमाल पर्समध्ये ठेवून निघून गेल्या.

त्या बाटल्यांची हकीगत मला पहिल्यापासून माहीत आहे, कारण मी त्यांच्या डोक्यावरच्याच मजल्यावर राहतो, आणि या प्रकरणातली एक किल्ली अजूनही माझ्या घरात आहे.

वहिनी, म्हणजे घड्याळजींच्या पत्नी, एका वाइनच्या कारखान्यात बाटल्यांना लेबल लावायच्या कामावर होत्या. बावीस वर्षं. लाखो बाटल्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण भारी बाटलीतला घोट कधी जिभेला लागला नाही. "लेबलवालीला कोण विचारतंय? आम्ही नवरीला सजवणाऱ्या, जेवणाच्या पंगतीत आमचं पान नसतं," असं त्या हसत सांगायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याने त्यांना सहा बाटल्या दिल्या. त्या वर्षीचं द्राक्षाचं पीक फार चांगलं आलं होतं म्हणे. त्यात लेबलाचं यंत्र आठवडाभर बिघडलेलं, त्यामुळे त्या सहा बाटल्यांना वहिनींनी स्वतःच्या हाताने लेबलं लावली होती. त्यातली दोन किंचित तिरकी आहेत.

बाटल्या घरी आल्या त्या संध्याकाळी मी खालीच होतो. घड्याळजींनी लगेच ग्लास शोधायला सुरुवात केली.

"ठेवा ते ग्लास खाली," वहिनी म्हणाल्या. "आत्ता उघडाल तर तोंड वाकडं होईल. आत्ता ती नुसती तुरट, भांडखोर कार्टी आहे. दहा वर्षं नीट ठेवली तर शहाणी होईल. मला ती शहाणी झालेली प्यायचीय."

"दहा वर्षं? तोवर आपण असू का?"

"तुम्हाला काय घाई? गिऱ्हाइकाला सगळं आयुष्य 'उद्या या' सांगत आलात. एकदा तरी दुसऱ्याचा उद्या सांभाळून दाखवा."

हा टोमणा बरोबर वर्मी लागला. घड्याळजींचं काम चोख, पण वेळेवर एकही घड्याळ परत दिल्याचं कुणाला आठवत नाही. माझंच एक मनगटी घड्याळ त्यांनी चार दिवस म्हणून घेतलं आणि सात महिन्यांनी दिलं. दिलं तेव्हा मात्र ते नव्याहून चांगलं चालत होतं.

मग बाटल्या ठेवायच्या कुठे, याचा शोध सुरू झाला. स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर जागा होती. वहिनींनी ते ऐकल्याबरोबर कानांवर हात ठेवले. फ्रीजची पाठ तापते आणि मोटर चालू झाली की अंग थरथरतं. फ्रीजच्या आत महिनाभर ठेवलं तर चालेल, वर्षानुवर्षं नाही. तिथल्या कोरड्या हवेत बूच सुकतं. पलंगाखाली चाललं असतं, पण दुपारी तिथपर्यंत ऊन यायचं. घड्याळजींना त्यांचं म्हणणं लगेच पटलं. "गरमीत लंबक लांबतो, घड्याळ मागे पडतं," ते म्हणाले. "थंड-गरम, थंड-गरम झालं की कुठलीच वस्तू वेळ दाखवत नाही."

"तेच तर. गार किती, यापेक्षा सारखं किती, हे महत्त्वाचं."

घड्याळजींनी एक तापमापक आणला आणि महिनाभर रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ घराच्या प्रत्येक कोपऱ्यातला आकडा वहीत लिहिला. शेवटी मागच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट जिंकलं. त्या भिंतीच्या पलीकडे इमारतीची पाण्याची टाकी आहे. भर उन्हाळ्यातही कपाटात दिवसभरात अर्ध्या अंशाचा फरक पडत नव्हता. आतले जुने जोडे आणि रंगाचे डबे बाहेर काढले, कारण वास नको. लाकडाच्या सहा खाचा घड्याळजींनी स्वतः केल्या, बाटल्या आडव्या ठेवायला. बूच आतून ओलं राहिलं की ते फुगलेलं राहतं आणि हवा शिरत नाही. खाली पाण्याचा एक वाडगा, दारावर आतून जाड घोंगडी. वहिनींनी एका कार्डावर 'आडव्या. अंधार. सारखा गारवा. धक्का नको. वास नको.' असं लिहून, खाली दहा वर्षांनंतरची तारीख घालून ते दाराला आतून चिकटवलं. हेही लेबल तिरकंच लागलं.

राहिला धक्का. कपाटाला टेकूनच ते मोठं घड्याळ उभं होतं. त्याचे ठोके पडले की कपाटाची फळी हलते, हे वहिनींनी वाडग्यातल्या पाण्यावर उठणारे तरंग दाखवून सिद्ध केलं. घड्याळ घड्याळजींच्या वडिलांचं होतं आणि जागचं हलवलं तर त्याची पातळी बिघडणार होती. घड्याळजींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घड्याळाचं दार उघडून लंबक हाताने धरला. चार वाजायला दहा मिनिटं होती.

यानंतर त्यांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, राहायला आली आणि चादर शोधता शोधता तिने ते कपाट उघडलं.

"अगं बाई! घरात दारूच्या बाटल्या लोळताहेत!"

"लोळत नाहीत अक्का, झोपल्यात," घड्याळजी म्हणाले.

"आज बाटल्या झोपल्यात, उद्या तू झोपशील गटाराच्या कडेला. आणि वर घोंगडी घातलीय! माझ्या अंगावर कधी घातली नाहीस."

अक्काने तीन दिवस नाक मुरडलं, चौथ्या दिवशी वाडग्यात पाणी कमी झालेलं पाहून मुकाट्याने भरलं.

चार वर्षांनी वहिनी आजारी पडल्या आणि तीन महिन्यांत गेल्या. आजारपणात एकदा घड्याळजींनी एक बाटली उघडायची का, असं विचारलं होतं. त्यांनी मान हलवली. "अर्धवट झालेलं काम गिऱ्हाइकाला देता का तुम्ही? तारीख लिहिलीय ना. तायडीला बोलवा त्या दिवशी." तायडी ही त्यांची एकुलती एक मुलगी; नोकरीसाठी दूरच्या शहरात असते.

एवढं सांगितलं म्हणजे घड्याळजींच्या डोक्यावर काय ओझं होतं ते कळेल. आयुष्यात एकच वस्तू ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या अवस्थेत हातात द्यायची होती, आणि जिला द्यायची ती घ्यायला नव्हती. ती वस्तू बिघडली असती तर त्यांनी स्वतःला माफ केलं नसतं.

यंदा ती तारीख आली. पंधरा दिवस आधी घड्याळजींनी कारखान्यातल्या निवृत्त मुकादमांना बोलावलं. हे तिथल्या तळघराचे मुकादम. पिंपाजवळून नुसते गेले तरी आत काय बिनसलंय ते सांगायचे, म्हणून सगळा कारखाना त्यांना 'नाक' म्हणायचा. त्यांना स्वतःलाही ते आवडतं. वय ऐंशीच्या घरात, हात थरथरतात, पण तोंड शाबूत आहे. रविवारी सकाळी साडेआठला ते काठी टेकत आले. घड्याळजींनी मलाही खाली बोलावलं होतं.

नाक यांनी कपाट उघडून आधी नुसता श्वास घेतला. मग कार्ड वाचलं, वाडगा पाहिला, घोंगडी चाचपली. "शाब्बास. मोठमोठ्या बंगल्यांत जाऊन आलोय मी. दिवाणखान्यात दिव्याखाली उभ्या करून ठेवतात, पाहुण्यांना दिसाव्यात म्हणून. नंतर मला विचारतात, आंबली कशी? इथे वहिनींची शिस्त दिसते."

मग विजेरीच्या उजेडात त्यांनी एकेक बाटली जागच्या जागी पाहिली. एकीच्या तोंडाशी चिकट ओघळ होता आणि आतली पातळी उतरली होती. "ही झिरपलीय. हिचा नाद सोडा. बूच असतात काही अशी, तुमचा दोष नाही. बाकीच्या पाच ठीक दिसतात."

घड्याळजींनी सुस्कारा सोडला. इतक्यात नऊ वाजले. दुकानातली पन्नास घड्याळं मागेपुढे वाजली. घड्याळजी उठले, दुकानात जाऊन त्यांनी किल्लीची सगळी घड्याळं एकामागून एक चावी देऊन भरली, परत आले, हात पुसले, आणि कपाटात वाकून पहिली बाटली बुडाशी धरून पाव फेरा फिरवली. बुडावर पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका होता, तो वरून उजवीकडे आला. मग दुसरी.

"अहो, अहो, हे काय चालवलंय?" नाक खुर्चीतून अर्धे उठले.

"रविवारचं काम. घड्याळं भरून झाली की या बाटल्या. एकही रविवार चुकला नाही."

"कधीपासून?"

"ती गेल्यापासून. ती होती तोवर मी हात नाही लावला. ती गेली, आणि पहिल्याच रविवारी घड्याळं भरताना वाटलं, आता यांच्याकडे कोण बघणार? चालवलं नाही की कुठलंही यंत्र आखडतं."

"सहा वर्षं, दर रविवारी?"

"तीनशेवर वेळा झालं असेल. पण धक्का नाही हं. श्वास रोखून, मोजून पाव फेरा."

नाक मटकन खाली बसले. "तीनशे वेळा! म्हणजे बिचारीचा जरा डोळा लागला की तुम्ही दार वाजवायला हजर. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

घड्याळजींचा हात बाटलीवरच राहिला. "तुमच्याच तळघरात पाहिलं. एकदा तिचा डबा द्यायला आलो होतो. माणसं फळीत खोचलेल्या बाटल्या रोज थोड्या थोड्या फिरवत होती. मला वाटलं, सगळ्याच वाइनला असं करतात. मला ते आवडलंही होतं. आमच्यासारखंच काम."

"ती फेसाची वाइन हो! तिचा गाळ फिरवत फिरवत बुचाशी आणतात आणि मग बूच काढून उडवून देतात. विकण्याआधीच ते काम संपतं. ही लाल. हिचा गाळ खाली बसतो आणि त्याला बसू द्यायचं असतं. हिच्यासाठी माणसाने काही करायचं नसतं. काही न करणं हेच तिचं काम!"

खोलीत दुकानातली टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. घड्याळजींनी विजेरी घेतली, बाटलीच्या मानेमागे धरली आणि डोळ्याला भिंग लावलं. मीही वाकून पाहिलं. आत धुकं पसरल्यासारखं दिसत होतं.

"बिघडली?" त्यांनी विचारलं.

"आत्ता ओताल तर चिखल. पण नासली असेलच असं नाही. ते उघडल्यावरच कळेल." नाक जरा मवाळ झाले. "एक बाटली निवडा. आजच उभी करा, इथेच, या अंधारात. पंधरा दिवस. गाळ बुडाशी बसेल. पण या पंधरा दिवसांत कुणी बोटही लावायचं नाही. आणि तुमच्या बोटांवर माझा विश्वास नाही. या कपाटाला कुलूप आहे?"

कुलूप होतं. किल्ली माझ्या हातात आली. "तुम्ही हिशेबी माणूस दिसता. त्यांनी पाय धरले तरी द्यायची नाही," नाक मला म्हणाले.

घड्याळजींनी तिरक्या लेबलाची एक बाटली निवडली आणि मूल झोपेतून न उठवता उचलावं तशी उभी केली.

पुढचा रविवार आला. नऊ वाजून वीस मिनिटांनी दारावर टकटक झाली.

"सहज आलो होतो," घड्याळजी म्हणाले. एकवीस वर्षांत ते सहज म्हणून वर आलेले मला आठवत नाहीत. चहा झाला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा अर्धगोल फिरत होता.

"किल्ली बरी आहे ना?"

"बरी आहे. दाराशेजारच्या खिळ्याला आहे."

"तसं नाही, फक्त बघणार होतो. वाडग्यात पाणी कमी झालं असेल."

"परवाच मी भरलं."

"मग बाकीच्या चार तरी? त्या आडव्याच आहेत."

"घड्याळजी, बघायला गेलं की हात जातो. तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना, घड्याळ सारखं उघडून बघू नका म्हणून?"

ते म्हणाले, "ती असती तर पहिल्याच रविवारी ओरडली असती. हेच चुकलं. ओरडायला कुणी नव्हतं." चहाचा कप त्यांनी उगीचच बशीत पाव फेरा फिरवला, ते त्यांच्या लक्षात आलं, आणि कप ठेवून ते खाली गेले. त्या आठवड्यात त्यांनी सगळी अडकलेली गिऱ्हाइकी कामं पुरी करून टाकली. चारजणांना घड्याळं वेळेच्या आधी मिळाली. त्यातल्या एकाने माझ्याकडे येऊन घड्याळजींची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली.

ठरल्या दिवशी दुपारी तायडी आली. अक्का आधीच येऊन बसली होती, "मी काही घेणार नाही, फक्त बघायला आलेय" हे चारदा सांगून. पाच वाजता नाक आले. मी किल्ली घेऊन खाली गेलो.

बाटली जशी ठेवली होती तशी होती. घड्याळजींनी ती बाहेर आणून टेबलावर ठेवली. नाक यांनी बूच काढायचा स्क्रू हातात घेतला, पण त्यांची बोटं इतकी थरथरत होती की स्क्रूचं टोक बुचावर टिकेना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तो घड्याळजींपुढे सरकवला. "घ्या. तुमच्याच हातांनी निस्तरा."

घड्याळजींनी बाटली न हलवता स्क्रू सरळ उतरवला आणि हळूहळू ओढला. बूच अर्धं वर आलं आणि तुटलं.

"गेलं!" अक्का म्हणाली.

"अक्का, गप्प," तायडी म्हणाली.

घड्याळजी एकदम शांत झाले. मी त्यांना दुकानात असं पाहिलं आहे. बारीक स्क्रू घरंगळला की दुसरा माणूस शिव्या देतो, हे स्तब्ध होतात. ते आत गेले आणि त्यांची चामड्याची गुंडाळी घेऊन आले. डोळ्याला भिंग लावलं. लांब चिमट्याची दोन पातळ पाती त्यांनी बूच आणि काचेच्या मधून दोन्ही बाजूंनी खाली सरकवली, आणि बुचाचा उरलेला तुकडा चिमट्यासकट जराजरा फिरवत वर आणला. कणभरही आत पडला नाही.

"आता ओता. एका दमात, मधे थांबायचं नाही. थांबलात की मागे लाट जाते आणि गाळ उठतो," नाक म्हणाले.

तायडीने विजेरी बाटलीच्या मानेखाली धरली. काचेच्या जगमध्ये धार सुरू झाली, एखाद्या दोऱ्याएवढी. घड्याळजींचा डोळा भिंगातून मानेवर. धार वाढली नाही, तुटली नाही. बाटली इतकी सावकाश कलत होती की कलतेय हे फक्त धारेवरून कळत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. त्या घरात मी प्रथमच घड्याळाकडे पाहायला विसरलो. मग उजेडात गाळाची धुरासारखी एक बारीक रेघ मानेकडे येताना दिसली आणि त्याच क्षणी घड्याळजींचं मनगट सरळ झालं. बाटलीत दोन बोटं गढूळ उरलं. जगमधली वाइन स्वच्छ होती, कडेला विटकरी छटा असलेली.

नाक यांनी ग्लासात घोटभर घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. घड्याळजी टेबलाची कड धरून उभे होते.

नाक यांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. गिळला.

"जराशी दमलीय," ते म्हणाले. "झोपमोड झाली की माणूसही दमतो. पण नासली नाहीये. उलट... थांबा." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "चांगली झालीय हो. तिखटपणा सगळा गेलाय. शहाणी झालीय."

वहिनींचा हा शब्द त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. तायडी विजेरी बंद करायची विसरली होती, ती तिने आता बंद केली.

"खराब नाही ना?" घड्याळजींनी विचारलं.

"नाही म्हटलं ना."

"पण नक्की?"

"बाबा, प्या आधी," तायडी म्हणाली.

ते प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. खरं सांगायचं तर त्यांना चहाखेरीज कशातलंच कळत नाही. "छान आहे," ते म्हणाले, आणि मग ग्लासाकडे बघत, "तिला आवडली असती का?" असं त्यांनी नाक यांना विचारलं.

"वहिनींना? त्यांनी आधी तुम्हाला तीनशे शिव्या दिल्या असत्या. मग दुसरा ग्लास मागितला असता."

घड्याळजी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता त्यांना भिंग डोळ्यावरून काढावं लागलं.

"मला दे चमचाभर," अक्का म्हणाली. "औषध म्हणून." तिने चमचाभर घेतली, तोंड वाकडं करायची तयारी केली, पण ते वाकडं झालं नाही. "हं. झोपवून ठेवली होती ते बरं केलंस." मग तिने चमचा पुन्हा पुढे केला.

पाच दिवस राहून तायडी निघाली, तेव्हा मी तिची बॅग घेऊन दारापर्यंत गेलो. मागच्या खोलीतून जाताना ती मोठ्या घड्याळापाशी थांबली. "बाबा, आता तरी हे चालू करा. तारीख तर झाली."

"चालू कसं करू? अजून चार आहेत," घड्याळजी म्हणाले. "दर वर्षी याच दिवशी एक. तू यायचंस."

"प्रत्येक वेळी पंधरा दिवस आधी उभी करायची हं."

"माहीत आहे. मीच करीन, आणि पुन्हा हात लावणार नाही."

ती गेल्यावर मी खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, तळहातावर ठेवून पाहिली, आणि परत माझ्या हातात दिली.

"राहू द्या तुमच्याकडेच," ते म्हणाले. "उद्या रविवार आहे."